स्पष्टवक्त्याची श्रद्धांजली

माधव,

मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ‘शैला एवढी का करवादतेय’ असं तुला वाटायला नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ते अमरधामात बोलून झालं. तुला अग्नी दिला आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेक जण हात बांधून पुढे आला. बायका इकडे येत नाहीत, असं कोणीतरी माझ्या कानाशी पुटपुटलं. मी आले होते, आणि उभी राहिले. चारपाच जण बोलले. तू किती सरळ, किती मितभाषी, मुलांचा किती लाडका. ‘आपला ओटा पोरका झाला’ असं एकाने म्हटल्यावर दोघांनी रुमाल काढले. त्या बोलणाऱ्यांत ओट्यावर टोपणनावाने लिहिणारा स्पष्टवक्ताही होता. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याच्या वाक्यावाक्याला मीही मान हलवत होते. त्याचा राग मला अजून गिळता येत नाही.

हे ओट्यावर लावणार नाही. तिथे तुझ्याबद्दल चार सभ्य ओळी टाकल्या आहेत, लोकांनी त्यांखाली हात जोडलेत. हे तुझ्यामाझ्यातलं आहे.

ओटा म्हणजे काय, हे तुझ्या बहिणीला समजावताना माझी पंचाईत झाली. नंदा मनमाडहून आली ती तुझ्या घराची आवराआवर करायला. मला म्हणाली, “दादा सकाळी त्या कॉम्प्युटरपुढे बसून काय करायचा हो?”

म्हटलं, “इंटरनेटवर आमचा एक ग्रुप आहे. नाशिकची आणि नाशिक सोडून गेलेली माणसं त्यात लिहितात. एकाने लिहिलेलं सगळ्यांना जातं.”

“मग त्यात दादा काय करायचा?”

“प्रत्येक मेल आधी वाचायचा आणि ठीक असेल तर पुढे सोडायचा.”

“म्हणजे गेटवरचा वॉचमन.”

“तसंच काहीसं.”

“पगार?”

“नाही गं.”

तिने कपाळाला हात लावला. तुझ्या दशक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तुझ्या सिडकोतल्या स्वयंपाकघरात बसून हसलो, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

सुरुवातीची वर्षं काय मजेची होती. देवनागरी कोणाच्या कॉम्प्युटरवर उमटायची नाही, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि वाचताना दात पडायची वेळ यायची. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले दोघे आणि अमेरिकेत गेलेला एक पोरगा, यांचं मिसळीवर पापड आधी चुरायचा की शेवटी, यावर महिनाभर चाललं होतं. तू ते सगळं गंभीर चेहऱ्याने वाचून, एखादा ‘गाढव’ काढायला लावून, पुढे सोडायचास. लोडशेडिंगच्या वेळा बदलल्या की आमची टपालाची वेळ बदलायची. मला तू दुसरी मॉडरेटर केलंस, का तर म्हणे ‘मी आजारी पडलो तर कोण?’ कॉलेजात आपण एका बाकावर प्रयोगवह्या उतरवल्या होत्या, तेवढी माझी लायकी तुला पुरली.

आपलं पहिलं भांडण नावावरून. मी म्हणत होते, ज्याला जे लिहायचं ते त्याने स्वतःच्या नावाने लिहावं. नाव घालायची लाज वाटते, ते लिहूच नये. तू शांतपणे म्हणालास, “शैला, तू विमा कंपनीत आहेस. नोकरी कायम, नवरा समजूतदार. तुला नाव परवडतं.”

मला ते झोंबलं. अजून झोंबतं, कारण त्यावर उत्तर सापडलेलं नाही.

मग तू तुझा तो प्रसिद्ध तोडगा काढलास. टोपणनाव हवं असेल तर मिळेल, पण आधी खऱ्या नावाने माधवच्या घरी यायचं, समोर बसून चहा प्यायचा, मला हे नाव हवं म्हणून सांगायचं. त्यानंतर मेल थेट तुझ्या वेगळ्या खात्यावर पाठवायची. तू पाठवणाऱ्याचा पत्ता हाताने काढून टाकणार, टोपणनावाने ती ओट्यावर लावणार आणि कोणाचं नाव कोणालाही सांगणार नाहीस. मलासुद्धा नाही. लोक हसले. ‘इंटरनेटवर निनावी व्हायचं तर सिडकोत जाऊन चहा प्यावा लागतो’ म्हणाले. पण गेले. तुझ्या त्या कळकट गाळण्यातून नाशिकची निम्मी गुपितं गाळली गेली असतील.

‘दुसरी पाळी’ या टोपणनावाची मेल आली तेव्हा मात्र माझं तोंड बंद झालं. सातपूरच्या कुठल्याशा कारखान्यातली बाई, एवढंच आम्हाला कळलं. तिने सहासात ओळी लिहिल्या होत्या. ऑफिसची माणसं संध्याकाळी घरी जाताना बायकांच्या संडासाला कुलूप लावतात, किल्ली त्यांच्याकडे. म्हणून दुसऱ्या पाळीच्या बायका दुपारी घरून निघाल्यापासून पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातही. एकीला मूतखडा झाला तेव्हा साहेब म्हणाले, जास्त पाणी पीत जा. बस, एवढंच. ना शिवी, ना मागणी.

ओट्यावर बऱ्याच कारखान्यांतले साहेबलोक होते. काही दिवस कोणी पापडाबद्दल बोललं नाही. मग ‘दुसरी पाळी’ची एक ओळ आली, की किल्ली आता खिळ्याला टांगलेली असते. आणि तिच्यामागोमाग त्या कंपनीचा माणूस तुझ्याकडे आला. नाव द्या, कंपनीची बदनामी झाली आहे. तू त्याला चहा दिलास आणि म्हणालास, “माझा विसराळूपणा फार वाढलाय हो.” त्याने तुझ्या कॉलेजात ओळखी काढल्या, प्राचार्यांनी तुला बोलावलं. तिथेही तू विसरलेलाच राहिलास. तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता, की तुझ्यासाठी द्राक्षांची पेटी घेऊन आले होते. ‘आंबट आहेत’ म्हणालास आणि सगळी संपवलीस.

आणि एक गोष्ट, जी आपण कधीच बोललो नाही. आई गेली त्यानंतर मी एक नवीन पत्ता काढून तुला एक मेल पाठवली होती. चहाला न येता, नियम मोडून. त्यात लिहिलं होतं, की माझी आई मेली आणि मला रडू येत नाही, कारण ती मायेची नव्हती, आणि लोक दारात येऊन ‘माउली गेली’ म्हणतात तेव्हा मला ओरडावंसं वाटतं. खाली ‘एक मुलगी’ एवढंच. तुला माझी वाक्यं पाठ. पहिल्या ओळीला ओळखलं असशील. तू ती लावलीस. नियमाचं अक्षर काढलं नाहीस. दुसऱ्या दिवशी फोनवर फक्त म्हणालास, “आज ओट्यावर गर्दी आहे, वाच.” वाचलं. कितीतरी जणांनी आपापल्या आयांबद्दल लिहिलं होतं. ते वाचताना मला रडू आलं, आईसाठी पहिल्यांदा. त्याचे आभार मानायचे तर ‘ती मी होते’ हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून राहिलं. आता मानते. तुझ्यामुळे मी माझ्या आईला रडले, माधव.

म्हणून तर जास्त चीड येते. ज्या दारातून मी आत आले, त्याच दारातून तो आला.

स्पष्टवक्ता आधी खड्ड्यांबद्दल लिहायचा, मग नगरसेवकांबद्दल. चुरचुरीत लिहायचा, मलाही आवडायचं. आणि एका सकाळी त्याची गाडी तुझ्यावर वळली. बायको वारल्यावर एकटा राहणारा मास्तर घरी बारावीच्या मुलींची बॅच घेतो, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही का? मी फक्त प्रश्न विचारतो आहे. दर वेळी शेवटी हेच, ‘मी फक्त प्रश्न विचारतो आहे.’ पुढच्या आठवड्यात आणखी एक प्रश्न. मग आणखी.

आणि तू ती मेल उघडायचास, वाचायचास, पत्ता काढायचास आणि स्वतःच्या हाताने लावायचास. कारण ओटा सुरू करताना आपण नियम केला होता, की मॉडरेटरवरची टीका मॉडरेटरने अडवायची नाही. लिहिताना काय छान वाटला होता तो नियम! शेंडी तुटो की पारंबी तुटो, नियम तो नियम. हरिश्चंद्रानेही स्वप्नात शब्द दिला होता, तू तर जागेपणी दिलास.

मुलींच्या आया एकेक करून आल्या. कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. “घरापासून लांब पडतं, सर.” “हिला सकाळी उठवत नाही, सर.” सगळ्या नम्रपणे चहा पिऊन गेल्या. सकाळची बॅच संपली. मुली चपला काढायच्या त्या अंगणातल्या फळीवर तू कुंड्या ठेवल्यास आणि मला म्हणालास, “बरं झालं, झाडांना जागा नव्हती.” मी त्या कुंड्या लाथेने उडवणार होते.

“कोण आहे तो? तुला माहीत आहे. त्याने तुझ्याकडे चहा प्यायलाय.”

“माहीत आहे.”

“मग सांग!”

“आपलेच दात आणि आपलेच ओठ, एवढं समज.”

“एकदा त्याला विचार तरी, का करतोस म्हणून!”

“त्याने प्रश्न विचारलेत, शैला. मुलींच्या आयांना तो हक्क आहे. प्रश्न वाईट नाही.”

“प्रश्न विचारणारा वाईट आहे!”

“ते आपण बघायचं नाही. मजकूर बघायचा.”

हे तुझं वाक्य मला आजही पटत नाही. मजकूर माणूसच लिहितो. तोंडावर पिशवी घालून दगड मारणाऱ्याला ‘दगड कसा आहे ते बघू’ म्हणणारा तू एकटाच.

मग त्याने माझं नाव घेतलं. नाव नव्हे, ‘मॉडरेटर बाई’. ओट्याला दोन मॉडरेटर कशाला हवेत, कामं दोन असली तरी चूल बहुधा एकच असावी, असं काहीतरी. तेही तू लावलंस. मी ऑफिसला पोचले तर टेबलावर त्याचा प्रिंटआऊट उपडा ठेवलेला. आजूबाजूला सगळे फाइलींत डोकं घालून बसलेले. मी ऑफिसातूनच तुला फोन केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“तू हे वाचलंस?”

“वाचलं.”

“आणि सोडलंस?”

“नियम तुझ्यासमोर केला होता.”

“माझ्यासमोर केला, माझ्यावर नव्हता केला!”

तू म्हणालास, “अडवली असती तर लोक म्हणाले असते, खरी आहे म्हणून अडवली.”

“मग म्हणू दे ना! न अडवता काय म्हणतायत, ते इथे येऊन ऐक!”

आणि माझा तो समजूतदार नवरा, अविनाश, रविवारी मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाला, “सिडकोत जाणारेस?” आधी कधी विचारलं नव्हतं. मी चप्पल काढली. त्यानंतर कितीतरी महिने मी तुझ्या घरी आले नाही, ओट्याचं काम घरूनच करत राहिले. लोक सांगतील, मित्राला वाईट काळात सोडलं. सांगू देत. मी आजही म्हणते, माझंच बरोबर होतं. स्वतःची अब्रू तू कुठल्याही नियमावर ओवाळून टाक, माझी ओवाळायला तुला कोणी दिली होती?

तू आलास एकदा. गॅलरीत उभा राहिलास, हातात चिवड्याचा पुडा. मला वाटलं, आता ‘चुकलं’ म्हणेल. तू खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, “नियमामागचा विचार असा होता, की...” मी पुडा घेतला आणि आत निघून गेले. अविनाश तुझ्याशी क्रिकेटवर बोलत बसला. त्या दिवशी तू एक शब्द बोलला असतास तर! एकच. पण तुला समजावून सांगायचं होतं. मास्तर शेवटी.

मग हळूहळू आपण पुन्हा बोलू लागलो, मिसळ खाऊ लागलो, पण तो विषय ताटाबाहेर ठेवून. आणि एके दिवशी तुझं हृदय थांबलं. आता हे भांडण मी कोणाशी पुरं करू?

नंदा म्हणाली, “दादा म्हणायचा, काही झालं तर कॉम्प्युटर शैलाकडे द्यायचा. घेऊन जा बाई. मनमाडला नेऊन मी काय त्याची पूजा करू?”

मी तिथेच तो सुरू केला. तुझं वेगळं खातं उघडंच होतं, पासवर्ड मशीनच्या डोक्यात. मी ते बघायला नको होतं, असं तू म्हणशील. मी बघितलं. सगळ्यात वर, तू गेल्यानंतर आलेली एक मेल होती. आत सुरेख श्रद्धांजली. ‘आमचे मतभेद होते, परंतु माधवरावांनी माझा एकही शब्द कधी अडवला नाही. असा दिलदार प्रतिस्पर्धी होणे नाही.’ खाली सही, ‘स्पष्टवक्ता’. आणि डाव्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या रकान्यात, त्याचं खरं नाव. ठसठशीत.

इतकी वर्षं तो बिनधास्त स्वतःच्या पत्त्यावरून पाठवत होता, कारण पत्ता काढायला तू होतास. आणि ज्याच्या मरणावर हे लिहितो आहे, तोच आता पत्ता काढायला नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही! तू मेलास हे त्याला खरं वाटलेलंच नव्हतं. तू त्याच्यासाठी माणूस नव्हतासच, सोय होतास.

मी खुर्चीवर बसूनच राहिले. हा माणूस तुझ्या तिरडीला खांदा देत होता. अमरधामात बोलला होता. रविवारच्या चहाला तुझ्याकडे असायचा आणि मी त्याच्या ताटलीत चिवडा वाढला होता, पुन्हा हवा का विचारून. सकाळी तू त्याचा ‘प्रश्न’ लावायचास आणि संध्याकाळी त्याला साखर किती म्हणून विचारायचास! कसं जमायचं रे तुला? मी खाली खाली जात जुन्या मेल बघितल्या, कारण काय म्हणून. कारण एवढंच सापडलं, की कधीतरी त्याचा भलामोठा लेख तू परत केला होतास. ‘अर्धा करा, चांगला होईल.’ त्याच्या नंतरच्या आठवड्यात पहिला प्रश्न. एका अर्ध्या लेखापायी तुझी सकाळची बॅच गेली, माझं नाव टेबलाटेबलांवर फिरलं, आणि करून सवरून तो नामानिराळा.

त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही. बघ, तुझी खोड लागली मला.

मी हे सगळं बघत बसले असताना दार वाजलं. पस्तिशीची बाई, खांद्याला डब्याची पिशवी, कपाळावर घाम. “हे माधव सरांचं घर ना? मी अलका. सरांकडं बारावीला होते. नापास झाले.”

नंदाने पाणी दिलं. तिने सगळं प्यायलं आणि म्हणाली, “कामावर जायचंय, बसत नाय. सर गेल्याचं आज कळलं. मॅडम, ते ओटा ग्रुप तुम्हीच बघता का?”

“हो.”

“मग मला सरांवर चार शब्द लिहायचेत. तुम्ही टाईप करा, मी सांगते. ती दुसरी पाळी म्हणून लिहायची ना, ती मीच.”

मी उठून उभी राहिले. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. नापास झाल्यावर सर घरी येऊन बसले होते, एक शब्द ओरडले नाहीत. किल्ली खिळ्याला लागली तेव्हा सगळ्या बायकांनी मिळून पेढे आणले होते, पण सरांना द्यायचे कसे, नाव कळेल म्हणून बायकांनीच खाल्ले. “सरांनी माझं नाव कोनाला सांगितलं नाय. मी एकदा विचारलं, सर, तुम्हाला भ्या नाय वाटत? तर म्हनले, मला कशाला, मला आठवतच नाय तू कोन ते.”

मी विचारलं, “खाली दुसरी पाळी घालू ना?”

“नाय. अलका घाला. आडनावासकट.”

“अजून तिथेच कामाला आहेस ना?”

“हाय की.”

“मग नाव नको घालूस. ती माणसं अजून आहेत. उगाच त्रास होईल.”

मीच म्हणाले हे, माधव. नावासाठी तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडलेली मी. तू असतास तर टाळी दिली असतीस.

अलका माझ्यावर तडकली. “मॅडम, तवा पोटासाठी लपले. आता सर गेले तर रडायला पन लपू का? माझ्या नावानं काय व्हायचं ते होईल. घाला तुम्ही.”

मी घातलं. ती निघाली, दारात थांबून तुझ्या कुंड्यांना तिने तांब्याभर पाणी घातलं आणि पाळीला गेली. तिची श्रद्धांजली त्याच क्षणी ओट्यावर लावली, पूर्ण नावानिशी. तुझ्याबद्दल आलेलं तेवढंच मला खरं वाटलं.

मग ओट्याची नेहमीची रांग उघडली. तिथे त्याची आणखी एक श्रद्धांजली होती. ही खऱ्या नावाने, अमरधामातलंच भाषण, जास्त अलंकार घालून. म्हणजे त्याला दोन्हीकडून तुझ्यावर रडायचं होतं. एकदा सज्जन म्हणून आणि एकदा दिलदार शत्रू म्हणून. मेल्यावरही तुला दोनदा वापरायचं होतं.

तू दोन्ही लावल्या असत्यास, हे मला माहीत आहे. एकीचा पत्ता काढून, दुसरीचं शुद्धलेखन तपासून. मी दोन्ही अडवल्या. अडवली तर कारण कळवायचं, हाही तुझाच नियम, तो पाळला. त्याला एकच मेल लिहिली: ‘आपल्या दोन्ही श्रद्धांजल्या मिळाल्या. दोन्हींखाली एकच नाव घाला. कोणतंही चालेल. लगेच लावते.’

दोन दिवस काही नाही. तेराव्याला तो आला. पांढरा शर्ट, चेहरा उतरलेला. पंगतीत वाढताना मी मुद्दाम त्याच्या ओळीत गेले. तो जेवेना. हात धुवायच्या निमित्ताने मागे आला आणि हळूच म्हणाला, “शैलाताई, माधवरावांनी त्या खात्याबद्दल काही सांगून ठेवलं होतं का? म्हणजे, त्यांच्यामागे ते सगळं पुसून टाकायचं वगैरे?”

“नाही.”

“तुम्ही मग... काय करणार आहात?”

“बघते,” म्हटलं.

“नाही, म्हणजे त्यांनी शब्द दिला होता.”

“त्यांनी दिला होता,” म्हटलं, आणि वरणाचं भांडं घेऊन पुढे गेले.

तेव्हापासून त्याचे फोन येतात. हवापाणी विचारतो, अविनाशची तब्येत विचारतो, शेवटी ‘काही ठरलं का’ म्हणतो. ओट्यावर त्याचा सज्जनही लिहीत नाही आणि स्पष्टवक्ताही नाही. अलकाचं नाव मात्र तिथे आहे. तिला साहेबांनी बोलावलं होतं. तिने विचारलं, “मग काय करू, सर मेलेत का नाय?” त्यापुढे काय झालं ते ती सांगत नाही, पण पाळीला जाते.

तू कॉम्प्युटर माझ्याकडे द्यायला सांगितलंस, म्हणजे तुला खात्री होती की मी बघेन आणि बोलणार नाही. त्या खात्रीचा मला किती राग येतो सांगू? मला विचारायचंस तरी. मला ओरडायची मुभा ठेवायची. अमरधामात, ऑफिसात, त्या आयांच्या दारोदारी जाऊन त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा रोज सकाळी माझ्याबरोबर उठते आणि माझ्याबरोबर चहा पिते.

पण नाही घेणार. त्याच्यासाठी नाही. ‘एक मुलगी’ त्याच खात्यात आहे, आणि अलका, आणि आणखी कितीजणी तुझ्या गाळण्यातून गेलेल्या. एकाचं नाव फोडलं तर त्या सगळ्यांपुढे तू खोटा ठरशील. तुझा शब्द मी पाळणार आहे, माधव.

पाळणार आहे हे त्याला मात्र कधी सांगणार नाही.